बाबांच्या ताब्यातला खण

माझे सासरे कराडच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत माइकसमोर बसून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. उभी नोकरी पुकारण्यात गेली, त्यामुळे यांच्या पोटात काही म्हणून राहत नाही, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत होतं. पाटणची गाडी फलाटाला लागली की ती जशी सगळ्या स्टँडला कळायची, तसंच कुणाच्या मुलीला पाहायला मंडळी येणार आहेत आणि कुणाचा मुलगा बारावीला आपटला, हेही सगळ्या गल्लीला कळायचं. बरं, त्यात दुष्टावा काडीचा नाही. बातमी ही पोचवण्यासाठीच असते, असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यामुळे घरात त्यांच्यापासून गोष्टी लपवायची रीतच पडली होती. माझ्या नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा मुलाचं आडनाव बाबांना साखरपुड्याच्या दिवशी सकाळी कळलं म्हणतात. थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नसेल.

अशा माणसाच्या ताब्यात एका जर्मन संग्रहालयाने आपला सगळ्यात नाजूक खण दिला, आणि दुभाषी म्हणून मध्ये होते मी.

दोन हजार सहाचा उन्हाळा होता. फुटबॉलच्या विश्वचषकामुळे एरवी तोंडातून शब्द न काढणारे आमचे शेजारीही बाल्कनीत झेंडे लावून बसले होते. आम्ही बॉनला राहायचो. नवरा टेलिफोन कंपनीत होता. मी इतिहासात एम.ए. केलेली, ग्रंथालयाचा डिप्लोमा घेतलेली, आणि जर्मनच्या वर्गांना कंटाळलेली. शेवटी आगगाडीने अर्ध्या तासावरच्या एका लहान गावात, त्या गावाहूनही लहान अशा एका संग्रहालयात मला अर्धवेळ नोकरी मिळाली. जुन्या काळी जग हिंडून आलेल्या जर्मन लोकांनी बरोबर आणलेल्या वस्तू तिथे होत्या. टोपल्या, भाले, एक होडी, आणि कपाटभर फोटो. फोटो ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या रहिवाशांचे, सुमारे शंभर वर्षांपूर्वी काचेवर घेतलेले. एकेक काच स्कॅनरवर ठेवायची, कॉम्प्युटरमध्ये घ्यायची, क्रमांक द्यायचा, आणि फोटो काढणाऱ्याने पाकिटावर जे खरडलंय ते टंकून काढायचं, हे माझं काम.

खरडलेलं फार नसायचं. 'नृत्य'. 'पुन्हा नृत्य'. 'नृत्याआधी'. या गृहस्थाला हात वर केलेलं कुणीही माणूस नाचतंय असंच वाटायचं. माळ्यावरचा डबा काढणाऱ्या माझ्या आईचा फोटोसुद्धा त्याने 'नृत्य' म्हणूनच पाकिटात घातला असता.

कपाटातला शेवटचा खण तेवढा राहिला होता. त्यावर 'विधी' असं लिहिलेलं होतं. मी तो सोमवारी उघडणार, आणि शुक्रवारी ऑस्ट्रेलियाहून उत्तर आलं. ज्या लोकांचे हे फोटो, त्यांच्या पंचायतीला आमच्या प्रमुख बाईंनी बऱ्याच महिन्यांपूर्वी लिहिलं होतं. उत्तरात लिहिलं होतं की ऑगस्टमध्ये त्यांच्यातले एक वडीलधारे गृहस्थ स्वतः येऊन खण पाहतील आणि त्याचं काय करायचं ते ठरवतील. तोवर तो कॉम्प्युटरमध्ये घेऊ नये. आणि त्यातले विधी पुरुषांचे असल्यामुळे बायकांनी तो उघडू नये.

आमच्या विभागात सगळ्या बायका. प्रमुख बाई, काचा दुरुस्त करणाऱ्या बाई, आणि मी.

खण नुसता बंद ठेवून भागलं असतं, पण नेमकं छताचं काम निघालं होतं. कपाटं रिकामी करून सगळं तळघरात हलवायचं होतं, आणि कुजलेल्या जुन्या पाकिटांत काचा हलवल्या तर त्या तडकणार. म्हणजे कुणीतरी एकेक काच हातात घेऊन नव्या कागदात बांधायला हवी. संग्रहालयात पुरुष दोनच. संचालक पंधरवड्यातून एकदा यायचे आणि कॉफी पिऊन जायचे. दुसरा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा. त्याने हात मागे बांधून सांगितलं की त्याच्या करारात दारं, हीटर आणि हिवाळ्यातला बर्फ एवढंच आहे, काचेचा उल्लेख नाही.

मला तर रागच आला होता. माझ्या माहेरच्या गावी देवळाचा एक कट्टा आहे, त्यावर बायकांनी चढायचं नाही. लहानपणी मी मुद्दाम त्यावर चढून बसले होते आणि घरी येऊन धपाटे खाल्ले होते. तिथून सुटून इतक्या लांब राइनकाठी आले, तर इथेही कट्टा माझी वाट पाहत होताच. घरी येऊन मी हे सगळं तावातावाने सांगितलं. सासू-सासरे तेव्हा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते.

"यात एवढं चिडण्यासारखं काय आहे, सूनबाई?" बाबा म्हणाले. "आमच्या लग्नानंतर माझ्या स्वतःच्या घरात मंगळागौर झाली. मला आत घेतलं का? मी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून होतो. आत नुसतं हसणं चाललेलं. काय झालं ते हिनं आजतागायत सांगितलेलं नाही."

"काही झालं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या आणि पदराआड अशा हसल्या की काहीतरी नक्की झालं होतं.

माझा राग काही त्याने लगेच गेला नाही. पण बाबांनी विचारलेला पुढचा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी प्रमुख बाईंना सांगावासा वाटला. ते म्हणाले, "मग तिथं एक म्हातारा पुरुष बसवा की. मला नाहीतरी दिवसभर काय काम आहे?"

मी ती गंमत म्हणून सांगितली. बाईंनी ती गंमत म्हणून घेतली नाही. जर्मन माणसाला गंमत सांगताना ती गंमत आहे हे आधी सांगावं लागतं, हे मी अजून शिकले नव्हते. बाईंनी विमा कंपनीला विचारलं, बाबांच्या व्हिसावर काम करता येत नाही म्हणून 'पगाराविना मदत करणारा पाहुणा' असं त्यांचं बिरूद शोधून काढलं, आणि ऑस्ट्रेलियाला विचारलं. तिकडून एका ओळीत उत्तर आलं. म्हातारा असेल तर चांगलंच, फक्त तोंड बंद ठेवणारा असावा.

बाबांना भेटायला बोलावलं. सासूबाईही आल्या. प्रमुख बाईंनी चष्म्यावरून पाहत माझ्या मार्फत विचारलं की आत पाहिलेलं बाहेर कुणाला, अगदी घरातही सांगणार नाही ना. एक शब्द जरी बाहेर गेला तरी ते लोक आमच्याशी पुन्हा कधी बोलणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

"सांग त्यांना," बाबा म्हणाले, "मेलो तरी बोलणार नाही."

सासूबाईंना ठसका लागला. मी मात्र शब्दाला शब्द भाषांतर केलं.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं बाई म्हणाल्या, आणि हातमोजे पुढे केले.

मला धास्ती का वाटत होती, ते सांगितलं पाहिजे. त्याच्या दोन वर्षं आधी मला दिवस गेले होते. दुसराच महिना होता. नवऱ्याने आनंदाच्या भरात फोनवर बाबांना सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत कराडात कुणाला कळायचं राहिलं नाही. पुढच्या महिन्यात ते सगळं संपलं. मग ती बातमीही बाबांनी सांगितली, पण ती कुणी नीट ऐकली नाही. वर्षभर मला फोन येत राहिले. कितवा महिना, डोहाळे कसले लागलेत, बाळंतपणाला आईला बोलावणार की सासूला. प्रत्येक वेळी मी ते पुन्हा सांगायचे आणि पलीकडचं माणूस ओशाळायचं. बाबा स्वतःच एकदा दुसऱ्याच कुठल्या संदर्भात म्हणाले होते की गाडी लागल्याचं सगळ्यांना ऐकू जातं, रद्द झाल्याचं कुणाला ऐकू जात नाही. ते वाक्य ऐकून मी उठून स्वयंपाकघरात गेले होते. मी त्यांच्यावर रागावले होते, आणि तो राग मी कधी बोलून दाखवला नाही, त्यामुळे तो तसाच राहिला.

तर असे बाबा आता रोज सकाळी माझ्याबरोबर गाडीने यायला लागले. संग्रहालयाच्या कोठाराला जर्मनमध्येही डेपोच म्हणतात, हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून यायचे. डेपोच्या दाराशी बूट काढून आत जायचे. पहिल्याच दिवशी हाउसमाइस्टर त्या बुटांना अडखळला आणि सुरक्षेच्या नियमाप्रमाणे आत बूट घालणं सक्तीचं आहे असं म्हणाला. बाबांचं म्हणणं, देवाधर्माचं काही असेल तिथे बूट घालून जायचं नाही. हा तंटा प्रमुख बाईंपर्यंत गेला. शेवटी फक्त आत घालायचे म्हणून नवे कोरे बूट आणले गेले. ते डेपोच्या बाहेर कधी येणार नव्हते, म्हणजे ते सोवळ्यातलेच झाले.

दार लावून ते आत बसायचे आणि मी शेजारच्या खोलीत भाल्यांची यादी करायचे. भिंतीपलीकडून कागदाची सळसळ यायची, कधी एखादं "अरे वा", कधी नुसतं "हं". मला मेलीला काम सुचायचं नाही. इतक्या काचा मी पाहिल्या होत्या, पण त्यातली एकही आता आठवेना. पाहायला हवी होती ती नेमकी भिंतीपलीकडे होती.

परतीच्या गाडीत बाबा अखंड बोलायचे. नव्या कागदाला कसा वास नाही, हातमोजे अंगठ्याला कसे घट्ट होतात, दिव्याला किती वॅटचा बल्ब आहे, हाउसमाइस्टरला कोल्हापुरी चपला कशा आवडतील. सगळं सांगायचे. काचेवर काय आहे ते नाही. मी पहिला आठवडा रोज वाट पाहिली की आता घसरतील, मग घसरतील. बोलता बोलता ते अगदी कडेपर्यंत यायचे आणि कराडच्या स्टँडकडे वळायचे.

सगळ्यात जास्त दुखावल्या सासूबाई. घरातली एकमेव व्यक्ती जिला चाळीस वर्षं सगळं आधी कळत आलं होतं.

"मला पण नाही?"

"तू बाई आहेस."

"हे आज कळलं होय तुम्हाला?" त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी थालीपीठ वाढताना लोण्याचा गोळा बाबांच्या ताटात पडलाच नाही. बाबांनी कोरडं थालीपीठ मुकाट खाल्लं.

मग माझ्या नवऱ्याने कायद्याची वाट शोधली. "बाबा, मी तर पुरुष आहे. मला सांगायला हरकत नाही."

बाबांनी बराच विचार केला. "तू त्यांच्यातला नाहीस."

"तुम्ही कुठे आहात?"

"मीही नाही. म्हणून तर."

जुलैत मराठी मंडळींची सहल निघाली. कोलोनजवळ तळ्याकाठी सगळे जमले, शेगडीवर मक्याची कणसं लावली. कुणीतरी विचारलं, काका, सध्या काय करता. बाबांनी काय करतो ते सांगितलं आणि काय दिसतं ते सांगता येत नाही म्हणाले. हे दुसरं न सांगते तर बरं झालं असतं. भेळ बाजूला राहिली आणि सगळे त्यांच्याभोवती. लढाई आहे का, बळी देतात का, अंगात येतं का. बाबा नुसते मान हलवत राहिले. रेगेन्सबर्गहून पीएच.डी. करणारा एक मुलगा आला होता. तो म्हणाला, "काका, मोबाइलमध्ये कॅमेरा असतो आता. एक फोटो काढून आणा. कोणाला कळतंय?"

बाबा घामाघूम झाले. मला वाटलं, संपलं. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "ते जाऊ दे, तुझं लग्न ठरलं म्हणे? साताऱ्याची मुलगी ना?"

मुलाचं लग्न ठरल्याचं तोवर फक्त त्याच्या आईला आणि तिच्या मैत्रिणीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, माहीत होतं. त्याने दोन मित्रांनाही सांगितलं नव्हतं. पुढचा तासभर कणसं सोडून सगळे त्याच्या मागे लागले.

मग माझ्या लक्षात आलं की हे असंच चाललंय. खण दाबून धरायला जो जोर लागत होता, तो दुसऱ्या वाटांनी बाहेर पडत होता. नणंद घर बदलणार असल्याचं तिच्या घरमालकाला कळलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी केस रंगवल्याचं खालच्या मजल्यावर कळलं, आणि तेही बाबांना जर्मन येत नसताना. खणातली एक गोष्ट वाचत होती आणि आमच्या सगळ्यांच्या बुडत होत्या.

ऑगस्टच्या सुरुवातीला मला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. नवऱ्याचं आणि माझं ठरलं की आई-बाबांना काहीच सांगायचं नाही. महिनाअखेर ते परत जातील, तीन महिने होतील, मग बघू. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांना ते बाबांपासून लपवावं लागलं असतं, आणि आधीच त्या घरात लपवालपवी फार झाली होती. मी सकाळी गाडीत खिडकीकडे तोंड करून मळमळ गिळायचे आणि शेजारी बाबा जर्मन गाड्यांच्या वक्तशीरपणाविषयी सांगत असायचे.

ऑस्ट्रेलियाचे गृहस्थ आले. पांढरी दाढी, मोठी टोपी, प्रवासानंतर झोपच न लागल्यामुळे डोळे लाल. बरोबर नर्स असलेली नात. मी एवढंच विसरले होते की बाबा पाहुण्याला रिकाम्या हाताने भेटणार नाहीत. सत्कार म्हणजे शाल आणि श्रीफळ. त्यांनी आशियाई दुकानातून शेंडी असलेला नारळ मिळवला होता, सासूबाईंची न वापरलेली लोकरीची शाल घेतली होती, आणि दोन्ही पिशवीत घालून सकाळी सकाळी डेपोत नेऊन ठेवलं होतं.

संग्रहालयाच्या कोठारात लोकर आणि नारळाची शेंडी. काचा दुरुस्त करणाऱ्या बाईंनी ती पिशवी उघडली आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू आत नाग निघालाय. लोकरीतून कसर येते, शेंडीतून किडे, आणि मग शंभर वर्षांच्या टोपल्यांचा भुगा. तिथली रीत अशी की बाहेरून आलेली लोकर, पिसं, काथ्या, काहीही असो, आधी मोठ्या फ्रीझरमध्ये जायचं. आम्हाला कळेपर्यंत शाल आणि श्रीफळ प्लास्टिकमध्ये बांधून, वर क्रमांक टाकून, आत गेलीसुद्धा होती.

"आल्झो, तर मग," प्रमुख बाई मला म्हणाल्या, "दोन आठवडे ते बाहेर येणार नाही."

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना रडू यायचं बाकी होतं. पाहुणे परवा परत जाणार. ते फ्रीझरपाशी जाऊन उभे राहिले आणि तिथून हलेनात. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि नोकरीतला बहुधा पहिला नियम मोडला. फक्त अट घातली की सत्कार इमारतीत नाही, बाहेर.

म्हणून तो गाड्या लावायच्या जागेत झाला, भर उन्हात. शाल पापडासारखी कडक झाली होती आणि नारळावर बर्फ धरला होता. बाबांनी मोठ्या आवाजात, स्टँडवरच्या आवाजात, पाहुण्यांचं स्वागत पुकारलं आणि ती शाल त्यांच्या खांद्यावर ठेवली. ती घडीच मोडेना. म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि म्हणाला, तीन दिवसांत या देशात पहिल्यांदा काही बरं वाटलं.

मग दोघे मोडक्यातोडक्या इंग्रजीच्या भरवशावर आत गेले. खणाचा क्रम बाबांनाच माहीत, म्हणून त्यांनीही थांबावं असं पाहुणेच म्हणाले. दार लागलं. बाहेर आम्ही बायका कॉफी घेऊन बसलो. नातीला मी विचारलं, तुला राग नाही येत? ती म्हणाली, आमच्या बायकांचंही आहे की. मी विचारलं, काय? ती हसली, आणि मला सासूबाईंचा पदर आठवला.

आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग एकदा दोन म्हातारे जोरात हसले.

बाहेर आले तेव्हा बाबांच्या हातात एक काच होती. कागदात गुंडाळलेली, वेगळी काढलेली. ती विधीची नव्हती, चुकून त्या खणात पडली होती, सगळ्यांनी पाहिली तरी चालेल, असं पाहुण्यांनी सांगितलं. आम्ही ती दिव्यावर धरली. एक म्हातारा लाकडी खोक्यावर बसलेला. फोटो काढणाऱ्याकडे अशा वैतागाने पाहतोय की झालं का तुझं एकदाचं, मला कामं आहेत. जुन्या पाकिटावर 'नृत्यानंतर' असं लिहिलं होतं.

नातीने आजोबांचं नाक पाहिलं, मग काचेवरच्या म्हाताऱ्याचं पाहिलं, आणि हात तोंडावर ठेवला. तो तिच्या आजोबांचा आजोबा होता. घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

बाबांनी बांधाबांध करतानाच ही काच बाजूला, सगळ्यात वर ठेवली होती. हा माणूस विधीबिधी काही करत नाहीये, नुसता बसलाय, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं. किती साधी, किती सांगण्यासारखी गोष्ट. ती त्यांनी सगळा उन्हाळा पोटात ठेवली, कारण ती सांगायची की नाही हे ठरवणं त्यांचं काम नव्हतं.

बाकीचा खण तसाच बंद राहणार आणि पुढे कधीतरी त्यांच्या गावी परत जाणार, असं ठरलं. निघताना पाहुणे मला म्हणाले, "तुझा सासरा फार बोलतो."

मी म्हटलं, "हो, माफ करा."

"मीही पूर्वी बस चालवायचो. हे त्याला का सांगितलं असं झालं मला. त्याच्या स्टँडवरच्या सगळ्या गाड्या आता मला पाठ आहेत." मग म्हणाले, "फोटोंबद्दल मात्र मी विचारेपर्यंत शब्द काढला नाही. मुळातच गप्प असणाऱ्या माणसाचं मला काही कळत नाही. याचं कळलं."

परतीच्या गाडीत बाबांनी म्हाताऱ्याच्या बसचं सगळं सांगितलं. लाल मातीचे रस्ते, फुटलेले टायर, बसमध्ये चढलेली शेळी. मी ऐकत होते. मला एकदम फार दमल्यासारखं झालं, एवढं लपवून बाळगून. दोन वर्षांचा राग होता, तो शोधला तर नेमका त्या वेळी सापडेना. ते शेळीपर्यंत आले होते आणि मी मध्येच म्हटलं, "बाबा, मला दिवस गेलेत. आईंनाही अजून माहीत नाही. तीन महिने होईपर्यंत कुणालाच सांगायचं नाहीये."

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी ते मिटलं. बॉन येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत बसले. इतका वेळ गप्प बसलेले मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. उतरताना त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, एवढंच.

रविवारी दुपारी कराडला फोन करायचा, हा त्यांचा नेम. टेलिफोन कार्डावरचा नंबर खरवडून, दोनदा चुकून, त्यांनी त्यांच्या बहिणीला लावला. आक्का म्हणजे त्यांचा तिकडचा माइक. त्यांना सांगितलं की वेगळं पुकारायला लागत नाही. सासूबाई टेबलाशी फरसबी मोडत होत्या, मी दारात उभी होते, आणि आक्कांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. तब्येती झाल्या, पाऊसपाणी झालं. मग त्यांनी विचारलं, "सूनबाई कशी आहे? काय नवीन?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कपाळावर सहलीतला तो घाम आला होता. मला वाटलं, आता कुणाच्या तरी लग्नाची, कुणाच्या तरी घराची बातमी फुटणार. त्यांनी फोन या हातातून त्या हातात घेतला.

"नवीन काही नाही, आक्का," ते म्हणाले. "गाड्या वेळेवर आहेत."